ग्रंथपाल होऊ घातलेल्या भाचीस

वाई

चि. अनघास,


बी.लिब.चा निकाल कळला, पेढेही पोचले. तालुक्याच्या शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली आहे, अर्ज करू का, असं तू विचारलंस. जरूर कर. पण मुलाखतीला जाण्याआधी ते पद संचमान्यतेत मंजूर आहे का, हे बघ. 28 जानेवारी 2019 च्या शासन निर्णयाने शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध बदलला, आणि ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर टांगलेलं असतं. पट घसरला की पद धोक्यात. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी मिळाल्याशिवाय पगार सुरू होत नाही. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या संस्थेत वर्षानुवर्षं फुकट राबलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि कुणी 'देणगी'चा विषय काढलाच, तर नमस्कार करून ऊठ. दादाला कर्ज काढायला लावू नकोस.

पदवीचा उपयोग काय, हेही तू विचारलंस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहिलंय. ते चालवणाऱ्या माणसाचा मात्र उल्लेख नाही. केंद्रीय विद्यालयात ग्रंथालयशास्त्राच्या पदवी-पदविकेशिवाय या जागेवर घेत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत मात्र ज्यांचे तास कमी, त्यांच्या हाती किल्ली. मी शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा सगळी पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली होती. म्हणजे आली त्या क्रमाने. सहावीतल्या पोराने सापांचं पुस्तक मागितलं, तर ते एका संगीत नाटकाच्या आणि व्याकरणाच्या मधे! दशांश वर्गीकरणाने साप 597.96 ला आणि मराठी नाटक 891.462 ला गेलं, तेव्हा तोच पोरगा स्वतः कपाटाशी जाऊन बेडूक, सुसर असं शेजारपाजारचं हुडकायला लागला. तुझ्या पदवीचं खरं मोल हे. तालिका संगणकावर चढव; त्यासाठीचं कोहा सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण लहान मुलं कपाटासमोर उभं राहूनच पुस्तक निवडतात, तेव्हा आधी मांडणी.

आता कुलपाबद्दल. शाळेतली कपाटं बंद का असतात? ग्रंथपाल आळशी असतो म्हणून नव्हे, भ्यालेला असतो म्हणून. पुस्तक हरवलं की वसुली आपल्या पगारातून, ही भीती. मग तपासणीला नोंदवही चोख आणि पुस्तकं कोरी करकरीत. यावर उपाय कागदावरच आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 215 वा नियम वाच. वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तिथे वाजवी धरलंय. अट इतकीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मिळ पुस्तकाची चौकशी मात्र होते. हा नियम केंद्राचा, खाजगी अनुदानित शाळेला तो थेट लागू नाही. तरी तो छापून मुख्याध्यापकांपुढे ठेव, आणि गहाळ व जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाचा ठराव शाळा समितीकडून दरवर्षी करून घे. एकदा ठराव इतिवृत्तात आला, की कपाट उघडं ठेवायला छाती लागत नाही.

बाकी कामं तुझ्या गळ्यात पडणारच. मोफत पाठ्यपुस्तकांचं वाटप, शिष्यवृत्तीचे फॉर्म, यू-डायसची माहिती, रजेवरच्या बाईंचा बदली तास. 'शिक्षकेतर' म्हटलं की ही सगळी ओझी आपसूक येतात, आणि सरसकट नाही म्हणून नव्या माणसाचं निभत नाही. पाठ्यपुस्तकांचं वाटप तर आनंदाने कर. त्यात प्रत्येक वर्गातली पोरं ओळखीची होतात. पण जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक वाचन तास लेखी मागून घे, पाचवी ते सातवीला आधी. वेळापत्रकात नसलेला तास गणिताचे सर कधी पळवतील, कळतही नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. फोटो निघतात, हार चढतो. दुसऱ्या दिवशी किती पुस्तकं घरी गेली, तो आकडा तू फळ्यावर लिही. मुख्याध्यापकांना तो बघायची सवय लागली, तर पुढच्या वर्षी खरेदीची यादी तुला विचारून होईल. नाहीतर विक्रेता आपल्याकडचा न खपलेला माल गठ्ठ्याने उतरवतो, आणि त्या जाडजूड चरित्रांना एकही मूल हात लावत नाही.

जाहिरातीचं कात्रण आणि मिळाली तर संचमान्यतेची प्रत व्हॉट्सॲपवर पाठव. अर्ज मला दाखवल्याशिवाय देऊ नकोस.

तुझी,
आत्या