गावाला पोलीस पाटील, मग बाजारपेठेला कोण?

प्रश्न : आमचे शहर भंडारा जिल्ह्यातलेच, नाव लिहीत नाही. माझ्या सासुरवाडीला पोलीस पाटील आहेत, तंटामुक्त समिती आहे. आमच्या बाजारपेठेत मात्र दिवेलागणीनंतर पानठेल्यांसमोर टोळकी उभी राहतात, बायाबापड्यांना तेथून जाणे नकोसे होते, आणि दाद मागायला माणूस सापडत नाही. नगरसेवकाला सांगावे तर तो म्हणतो, पोलीस माझ्या हातात नाहीत. आमचे शेजारी शांतता समितीत आहेत. ते म्हणतात, ठाणेदाराला आम्ही जाब विचारतो. खरे काय? शहरातल्या पोलिसांवर शहराचे काही चालते की नाही?

उत्तर : तुमचा नगरसेवक खरे बोलला आणि तुमच्या शेजाऱ्यांनी थोडी फुशारकी मारली. पण दोघांनीही अर्धेच सांगितले. तुमच्या प्रश्नात तीन गाठी आहेत : पोलीस कोणाच्या हाताखाली, समित्यांना अधिकार किती, आणि जाब नेमका कुठे विचारायचा. एकेक सोडवू.

आधी सासुरवाडीचा हेवा थोडा कमी करू. पोलीस पाटलाचे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमातले. त्याला गाव निवडून देत नाही. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी नेमतो. गावातली खबर वर पोचवणे हे त्याचे मुख्य काम. ठाणेदारावर देखरेख ठेवणे हे त्याचे काम नव्हे. तंटामुक्त समितीचेही तसेच. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरून, वाटणीवरून होणारी भांडणे गावातच मिटावीत हा तिचा हेतू. समिती निवडते ग्रामसभा, आणि शहरात ग्रामसभाच नसते. मोहाडी, लाखनी, लाखांदूर या गावांच्या नगरपंचायती झाल्या तेव्हा तेथील ग्रामसभाही गेली. शहर होण्याची ही किंमत सहसा कोणी मोजत नाही.

आता पोलीस कोणाचे? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्याच्या यादीत आहे. म्हणून ठाणेदाराच्या वर उपविभागीय पोलीस अधिकारी, त्याच्या वर पोलीस अधीक्षक, मग नागपूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक आणि शेवटी मुंबईत पोलीस महासंचालक. या साखळीत नगरपरिषदेची कडी नाही. भंडारा रोड स्टेशनच्या पाटीवर नाव भंडाऱ्याचे आहे, पण तेथे कोणती गाडी थांबेल हे भंडारा नगरपरिषद ठरवत नाही. शहर पोलीस ठाण्याचेही तसेच आहे.

ही रचना जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला तो सरकारचा वचक राहावा म्हणून. भंडाऱ्याला नगरपालिका मिळाली १८६७ साली, तिच्याकडे आले दिवे, गटारे आणि रस्ते. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला, आज आपल्याकडे १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागू आहे. पण ही वाटणी तशीच राहिली. या अधिनियमाच्या कलम १७ नुसार जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असते. मात्र कोणत्या शिपायाची ड्युटी कोणत्या चौकात, असा रोजचा कारभार ते पाहत नाहीत.

मग नगराध्यक्षांच्या हाती पोलीस दिले तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून पोलिसांवर देखरेख करणारा आयुक्त लोक मतदानाने निवडू लागले. आपल्याकडे त्यावर लगेच शंका येते, आणि ती खोटी नाही : लहान शहरात गटबाजी दाट असते, ज्याच्या हाती पालिका त्याच्याच हाती लाठी गेली तर दुसऱ्या गटाने जावे कुठे? पण पोलीस वरून चालवले म्हणून राजकारण टळते, असेही नाही. नावडत्या ठाणेदाराची बदली हे तर जुनेच हत्यार. म्हणूनच २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस सुधारणांचे आदेश दिले. ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हे त्यांपैकी दोन.

या निकालानंतर सातच दिवसांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आपल्याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. स्थानिक पोलिसांच्या ढिलाईवर राज्यभर संताप उसळला, काही पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. पोलिसांवर बाहेरची नजर का हवी, हे भंडाऱ्याला कोणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही. अशा गुन्ह्यांसाठी कायद्यात जिल्हा पातळीवरची समितीही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व संनियंत्रण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी आणि बिगरसरकारी सदस्य असतात, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घेणे बंधनकारक असते. गुन्ह्याचा तपास, खटला आणि पीडितांना मदत यांत अधिकाऱ्यांनी कर्तव्य केले की नाही, याचा आढावा ती घेते.

तुमच्या शेजाऱ्यांची शांतता समिती मात्र वेगळी. गणेशोत्सव, ईद, दुर्गोत्सव किंवा दिवाळीनंतरची मंडई जवळ आली की ठाण्यात बैठक होते, मिरवणुकीचा मार्ग आणि भोंग्याची वेळ यांवर बोलणे होते, चहा होतो. समितीला सल्ला देता येतो, आदेश काढता येत नाही. म्हणून ती निरुपयोगी, असे मात्र समजू नका. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. या समित्यांनाही अधिकार नव्हताच. पण त्या सणाच्या तोंडावर नव्हे, वर्षभर भेटत होत्या. साध्या शिपायाला मोहल्ल्यातली माणसे आणि मोहल्ल्याला तो शिपाई नावाने ठाऊक होता. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस होता. तेव्हा शेजाऱ्यांना एवढेच विचारा : सण नसलेल्या महिन्यात तुमची बैठक होते का?

पोलिसांवर नजर ठेवण्याचे आणखी एक साधन म्हणजे कॅमेरे, आणि त्यांबद्दल एक गैरसमज आहे. चौकातला कॅमेरा लोकांवर नजर ठेवतो. पोलिसांवर नजर ठेवणारा कॅमेरा ठाण्याच्या आत असतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून प्रवेशद्वारापर्यंत, आवाजासह टिपणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तर निदान एक वर्ष, जपायचे आहे. त्यावर देखरेख करायला जिल्हा समिती सांगितली आहे : विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि त्यांच्या जोडीला महापौर किंवा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. म्हणजे स्थानिक लोकप्रतिनिधीला ठाण्याच्या आत डोकावण्याची एक अधिकृत खिडकी येथे ठेवलेली आहे. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना त्या समितीबद्दल विचारून पाहा.

उरला तुमचा पानठेल्यांचा प्रश्न. यातले निम्मे काम पोलिसांचे नाहीच. बंद पडलेले दिवे आणि रस्त्यावरचे अतिक्रमण ही नगरपरिषदेची जबाबदारी. ठेले कुठे असावेत, हे ठरवताना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीचे म्हणणे घ्यावे लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच निवडलेले असतात आणि पोलिसांचाही प्रतिनिधी असतो. पोलीस आपल्या हातात नाहीत, हे नगरसेवकाचे म्हणणे मान्य. पण दिवा कोणाच्या हातात आहे, हे त्याला विचारता येईल.

टोळक्यांच्या मुळाशी परवानाधारक दारू दुकान असेल, तर खाते राज्य उत्पादन शुल्काचे. वर्धा आणि गडचिरोलीसारखी दारूबंदी आपल्या जिल्ह्यात नाही, पण २००८ च्या आदेशाने वॉर्डालाही मतदानाचा हक्क दिला आहे. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘आडवी बाटली’, म्हणजे बंदीची खूण, निवडली की दुकान बंद. निम्मे मोजायचे ते एकूण मतदारांचे, त्या दिवशी आलेल्यांचे नव्हे. घरी बसणाऱ्याचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात पडते.

छेडछाड घडत असेल, तर मात्र सरळ पोलिसांचे काम. त्या क्षणी ११२ फिरवा. तक्रार नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. हा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच दिला आहे. पोलिसानेच बेकायदा कोंडून ठेवले, जबर मारहाण केली किंवा पैसे उकळले, तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. ते चौकशी करून अहवाल देते, स्वतः शिक्षा करत नाही. साध्या दिरंगाईसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार.

तेव्हा शहरातल्या पोलिसांवर शहराचे काही चालते का? हुकूम चालत नाही, हिशेब मागता येतो. फक्त तो मागण्याच्या जागा विखुरलेल्या आहेत, आणि चुकीच्या जागी गेलेला अर्ज फिरून फिरून दमतो. म्हणून अर्जात एकच तक्रार लिहा, ती ज्याच्या खात्याची त्यालाच द्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढच्या प्रत्येक दारात पहिला प्रश्न त्या पोचेबद्दलच विचारला जातो.