लहान मुलाचा श्वास थांबला तर?

प्रश्न : आम्ही जत तालुक्यात राहतो. मिरजेचं शासकीय रुग्णालय लांब पडतं. मुलाचा श्वास अचानक थांबला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना जमेल का?

उत्तर : जमायलाच हवं. जत काय किंवा साताऱ्यातलं पाटण, जावळी काय, पहिली काही मिनिटं तिथल्याच डॉक्टरांच्या हातात असतात.

मोठ्या माणसाचं बहुधा हृदय आधी बंद पडतं. मुलांचा श्वास आधी अडतो : न्यूमोनिया, विहिरीत बुडणं, घशात गेलेला शेंगदाणा. म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही, हवा द्यावी लागते. इथेच गाडी अडते. मोठ्यांचा मास्क बाळाच्या डोळ्यांपर्यंत जातो, हवा बाजूने निसटते आणि अंबू बॅग (मास्कला जोडलेली, हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) कितीही दाबली तरी छाती हलत नाही. छाती वर उठली, तरच श्वास पोचला असं समजायचं.

जन्मतः न रडणाऱ्या बाळासाठी २००९ पासून ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण मिळतं. पण अशी वेळ क्वचित येते आणि सराव नसला की काही महिन्यांत हात विसरतो. एकदा मिळालेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, पुतळ्यावरचा सराव वरचेवर व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत विचारा : तान्ह्या बाळाचा आणि मुलांचा मास्क आहे का? ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का? आणि घरी प्रसंग आलाच, तर एकाने १०८ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी : ३० वेळा छाती दाबायची, २ श्वास द्यायचे.