शिडीची भाषा : यंत्रास आज्ञा देण्याचा पहिला पाठ

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा आणि देणगीदारांची नामावली असावी हे योग्यच आहे. परंतु अंक घरी गेल्यावर मुलामुलींच्या हाती पडेल असा एखादा उपयोगी पाठही त्यात असावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

विषय नवा वाटेल, पण ग्वाल्हेरकरांस तो अगदीच परका नाही. पाणी ठराविक पातळीच्या वर चढताच आपोआप उघडणारे दरवाजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केले. ते १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्यास प्रथम बसले, आणि पुढे आपल्या तिघरा धरणावरही तीच पद्धत आली. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यातील सुरई पाहुण्याने उचलली की गाडी थांबते आणि परत ठेवली की चालू लागते, अशी तिची योजना आहे. म्हणजे सुरई जागेवर असणे ही गाडी चालण्याची अट झाली. 'अमुक अट पुरी असेल तर तमुक काम होईल' एवढे ज्यास कळले, त्यास आजच्या विषयाचा गाभा कळला असे समजावे.

कारखान्यांत पूर्वी अशा अटी रिलेंच्या साहाय्याने पाळल्या जात. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा छोटा खटका. एका मोठ्या यंत्रास असे शेकडो खटके लागत. कामाचा क्रम बदलावयाचा झाला की कपाटभर तारा उसकटून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीने यावर उपाय मागितला. रिचर्ड मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन ०८४' हे यंत्र तयार केले. तो त्यांच्या संस्थेचा ८४ वा प्रकल्प होता, म्हणून हा आकडा. अशा यंत्रास आज पीएलसी म्हणतात. आता तारा न बदलता आतील आज्ञा बदलल्या की काम भागते. या आज्ञा लिहिण्यासाठी त्यांनी विजेच्या मिस्त्रीस आधीच परिचित असलेला रिलेचा नकाशा तसाच ठेवला, हे त्यांचे मोठे शहाणपण होय. तीच ही शिडीची भाषा, म्हणजे लॅडर लॉजिक. १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकात तिला स्थान मिळाले आणि आजही ती सर्वत्र चालते.

आता शिडीचे स्वरूप पाहू. दोन उभे दांडे काढावे. डावा दांडा वीज येण्याचा व उजवा ती परत जाण्याचा, अशी कल्पना करावी. मधील प्रत्येक आडवी पायरी म्हणजे एक आज्ञा. पायरीच्या डाव्या बाजूस अटी लिहितात, त्यांस संपर्क म्हणतात. उजव्या टोकास काम लिहितात, त्यास कॉइल म्हणतात. संपर्क एकापुढे एक मांडले तर सर्व अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एकाखाली एक मांडले तर कोणतीही एक पुरी झाली तरी चालते. पहिली मांडणी 'आणि'ची, दुसरी 'किंवा'ची. पीएलसी प्रथम सर्व बटणांची व खटक्यांची स्थिती वाचते, मग पायऱ्या वरून खाली क्रमाने सोडविते, शेवटी मोटारी, दिवे इत्यादींस आज्ञा देते आणि पुन्हा आरंभ करते. ही फेरी काही सहस्रांश सेकंदांत पुरी होते.

उदाहरण घरातलेच घेऊ. खाली हौद आहे, गच्चीवर टाकी आहे, मध्ये पंप आहे. चार अटी अशा :

१. टाकी रिकामी : पाणी खालच्या खुणेखाली गेले की हा खटका जुळतो.
२. टाकी भरली नाही : वरच्या खुणेस पाणी लागेपर्यंत हा जुळलेला असतो.
३. हौदात पाणी आहे : पाणी असेपर्यंत जुळलेला.
४. थांबा बटण : एरवी जुळलेले, दाबले की तुटणारे व दाबलेल्या स्थितीतच अडकून राहणारे.

पायरीच्या आरंभी 'टाकी रिकामी' हा संपर्क मांडा. त्याच्या खाली, 'किंवा'च्या जागी, पंपाचाच संपर्क मांडा. पुढे उरलेले तीन संपर्क ओळीने आणि शेवटी 'पंप' ही कॉइल. टाकी रिकामी होताच पंप सुरू होईल. थोडे पाणी चढले की पहिला संपर्क तुटेल, पण पंपाचा स्वतःचा संपर्क त्यास चालू ठेवील. टाकी भरताच दुसरी अट तुटून पंप बंद पडेल, आणि पाणी पुन्हा खालच्या खुणेखाली जाईपर्यंत बंदच राहील. स्वतःला स्वतःच धरून ठेवण्याची ही युक्ती विद्यार्थ्याने पक्की करावी, कारण बहुतेक सर्व यंत्रांत ती भेटते.

सरावासाठी महाग सामग्रीची गरज नाही. 'ओपनपीएलसी' व 'कोडेसिस' यांसारखी सॉफ्टवेअरे विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि दोन्हींत प्रत्यक्ष यंत्राशिवाय संगणकावरच परीक्षा करण्याची सोय आहे. क्रम असा ठेवावा. प्रथम कागदावर अटी व कामे यांची यादी करावी. मग नवा प्रकल्प उघडून भाषा म्हणून लॅडर निवडावी. प्रत्येक अटीस अर्थ कळेल असे नाव द्यावे व तिचा प्रकार 'बूल', म्हणजे केवळ हो-नाही, असा ठरवावा. नंतर पायरी काढावी, चुका तपासून घ्याव्या आणि सिम्युलेशन सुरू करून एकेक अट हाताने बदलून पाहावी. एकच कॉइल दोन पायऱ्यांत कधीही लिहू नये. तसे केल्यास खालच्या पायरीची आज्ञा वरचीस पुसून टाकते, आणि नवशिक्यास दोष कोठे आहे ते कळत नाही.

येथवर पाठ सोपा आहे. पुढील दोन गोष्टी मात्र जिवाशी संबंधित आहेत, म्हणून त्या सावकाश वाचाव्या.

पहिली, थांबा बटण एरवी जुळलेले का ठेवावे? दाबल्यावर जुळणारे बटण घेतले आणि त्याची तार उंदराने कुरतडली, तर यंत्र चालतच राहील व संकटाच्या क्षणी बटण दाबूनही काही होणार नाही. एरवी जुळलेले बटण घेतले तर तार तुटताच यंत्र आपण होऊन थांबते. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूस झुकावा, हे या विद्येचे पहिले सूत्र होय. शिवाय संकटकाळचे बटण केवळ प्रोग्रामवर विसंबून ठेवू नये. त्याने मोटारीची वीज तारेतूनच तोडली पाहिजे.

दुसरी, गेलेली वीज परत आल्यावर काय होईल? आपल्या पंपाची टाकी तेव्हा रिकामी असेल, तर तो आपोआप सुरू होईल. पाण्याच्या पंपास हे चालते. परंतु करवत किंवा प्रेस असेल आणि वीज गेली म्हणून कोणी आत हात घालून अडकलेला तुकडा काढीत असेल, तर हीच सोय घातक ठरेल. तेथे 'टाकी रिकामी'च्या जागी हाताने दाबावयाचे सुरू बटण असावे. ते दाबल्यावाचून यंत्र हलणार नाही. पायरी तीच, पण एक संपर्क बदलला की एखाद्याची बोटे वाचतात.

तिघरा धरण १९१७ साली फुटले, ते पायाखालील वालुकाश्मात पाणी मुरल्यामुळे. वर योजना कितीही हुशारीची असो, खाली पाया पक्का नसेल तर उपयोग नाही. येथे पाया म्हणजे नीट जोडलेली तार, योग्य बटण आणि 'बिघडले तर काय?' हा स्वतःस विचारलेला प्रश्न.

१९२१ साली स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलवर या शहरातील कित्येक घरे चालली. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांवर काय प्रसंग आला, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. आता मालनपूर व बानमोरच्या कारखान्यांत केवळ हाताच्या बळावर काम मिळणे कठीण होत चालले आहे. यंत्र का थांबले हे शिडीकडे पाहून सांगू शकणाऱ्या कामगाराची मात्र तेथे गरज असते. सभासदांनी आपल्या घरातील, आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलास आणि मुलीसही जवळ बसवून वरील पंपाची एक पायरी कागदावर काढून घ्यावी, आणि 'हौदाची तार तुटली तर पंप चालेल की थांबेल?' एवढे विचारावे. उत्तर बरोबर आले, तर आमच्या या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.