फेरतपासणीत टक्के घटले तर?



दाखल्याची मुदत संपली, फेरतपासणीत ४५ चे ३५ टक्के झाले, की संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान अडते; तिथे निदान ४० टक्के अपंगत्व लागते. मग माणूस तहसीलला खेटे घालत बसतो. पण टक्के तहसीलदार ठरवीत नाहीत, सरकारी रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. म्हणून आमचे सांगणे, भांडायचे ते दाखल्यावर. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ५९ प्रमाणे शासनाने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस. जुना दाखला, केसपेपर, एक्स-रे जोडावेत, अर्जाची पोच घ्यावी. सुनावणीत आपले म्हणणे मांडता येते. खेट्यांत नव्वद दिवस घालवू नका.