पित्याविना वाढणारे मूल

बाप नसलेल्या मुलाला आपण 'बिचारे' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. जोतीराव फुले तसे पुढे गेले नाहीत. फसविल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी व सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतले. जन्मदात्याने नाकारलेला तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवा केली.

राहुलचेही उदाहरण घ्या. सिद्धार्थांच्या गृहत्यागानंतर यशोधरेनेच त्याला वाढविले. पुढे संघात सारिपुत्त त्याचे आचार्य झाले. बुद्धांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्याला समजाविले की, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व एवढेच अल्प असते.

यावरून काय घ्यावे? आईचे संगोपन कमी पडते असे नव्हे. परंतु पुरुषाने कसे वागावे, हे मुलगा पुरुषांकडे पाहून शिकतो. आपल्या धानोऱ्यात आई पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते, तेव्हा तो कोणाकडे पाहतो? पत्ते कुटणाऱ्यांकडे की आपल्याकडे?

म्हणून मामा, काका, शेजारी, शिक्षक, सर्वांनी एवढे करावे : त्याची वही पाहावी, त्याला दिलेला शब्द पाळावा आणि त्याच्या आईशी आदराने बोलावे. हा शेवटचा धडा तो सर्वांत आधी शिकतो.