इंजिन तेलाची साक्ष

रेडिएटरमधील पाणी बाहेर कोठेही गळत नाही, तरीही ते वारंवार भरावे लागते, तेव्हा ते इंजिनाच्या आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. हेड गॅस्केट फाटले, लायनरला तडा गेला अथवा ऑइल कूलर आतून गळू लागला, की कूलंट तेलात मिसळते. तेल दुधाळ झाले तर दोष उघडच दिसतो. परंतु अल्प गळतीत तसे घडत नाही. तापलेल्या इंजिनात पाणी वाफ होऊन निघून जाते आणि ग्लायकॉलचे विघटन होऊन आम्ले बनतात. म्हणूनच तेलात पाणी आढळले नाही, एवढ्यावरून इंजिन निर्दोष ठरवू नये. कूलंटमधील गंजरोधक क्षारांतील सोडियम व पोटॅशियम मात्र उडून जात नाहीत. प्रयोगशाळा त्यांचाच माग काढते. काही तेलांत सोडियम मुळातच असते, यास्तव तुलनेसाठी कोऱ्या तेलाचा नमुनाही द्यावा. हाच नमुना बहुधा विसरला जातो! मागील तपासणीपेक्षा ही द्रव्ये वाढली आणि जोडीला तांबे व शिसेही वाढले, तर आम्ले बेअरिंग खाऊ लागली असे मानण्यास जागा आहे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. इंजिन बंद ठेवावे, कूलिंग सिस्टिमची दाब-चाचणी घ्यावी आणि गळतीची जागा शोधावी.