नावं झाकली, तरी माणूस सापडतो

प्रश्न : आमच्या मंडळाने इथल्या मराठी कुटुंबांची माहिती संगणकावर भरली आहे. नावं कुणाला देत नाही, फक्त 'किती' आणि 'सरासरी' सांगतो. एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, चरोदा (भिलाई)

उत्तर : नाही. समजा, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेल्या 40 सभासदांचं सरासरी पेन्शन विचारलं. मग विचारलं, 'त्यातले विधुर सोडून?' विधुर एकच असेल, तर सरासरीला संख्येने गुणून आलेल्या दोन बेरजांची वजाबाकी केली की त्या गृहस्थांचं पेन्शन पैशापर्यंत हाती येतं. 'पाचपेक्षा लहान गटाचं उत्तर नाही' हा लोकप्रिय नियम इथे कुचकामी ठरतो. 40 आणि 39 दोन्ही मोठेच!

नावं खोडण्यावर तर विसंबूच नका. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 1990च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या होत्या.

उत्तरात मोजूनमापून थोडी यादृच्छिक चूक मिसळणं हा पक्का उपाय. 2006 मध्ये संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी त्याला गणिती पाया दिला, अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेने तो वापरला. मात्र त्याच प्रश्नाला दरवेळी नवी चूक मिसळू नका, उत्तरांची सरासरी काढून खरा आकडा मिळतो.

छोट्या मंडळाला हा खटाटोप कशाला? वर्षातून एकदा ठरावीक तक्ते काढा, आकडे पाचाच्या पटीत द्या, आणि फर्माइशी प्रश्न घेणं बंद करा. पेन्शनचा रकाना कशासाठी भरला, हेही जरा कार्यकारिणीला विचारा.